वर्किंग प्युपिल म्हणून परदेशात ड्रेसाज शिकायला जायचंय, जागा कशी मिळते?

जागा मिळते हो. वर्किंग प्युपिल म्हणजे पागेवर राबायचं आणि त्या बदल्यात धडे घ्यायचे; ड्रेसाज म्हणजे घोड्याला बारीक इशाऱ्यांवर नेमक्या चाली करायला लावायची घोडेस्वारी. लीद उचलायला माणूस प्रत्येक पागेला हवाच असतो. शिकवणारी पागा मिळणं कठीण. मी जर्मनीत एका पागेवर साडेपाच महिने काढले. तिथे मला फुकट राबवून घेतलं, असं आमचा दादा गेली ९ वर्षं ऐकवतोय, म्हणून उत्तर जरा लांबेल.

सकाळी ६ला सुरुवात. १४ घोड्यांची ठाणं साफ करायची, खरारा करायचा, खोगीर चढवून घोडा मालकीणबाईंच्या हातात द्यायचा. 'मला हाफ-पास (घोडा एकाच वेळी पुढे आणि बाजूला तिरका नेणं) येतो' असं मी अर्जात ऐटीत लिहिलं होतं. बाईंनी पहिल्या दिवशी माझी दुडकी चाल दोन फेऱ्या पाहिली आणि रिकिबी काढून घेतल्या. मग ७ आठवडे लाँजवर, म्हणजे बाईंनी लांब दोरी धरायची आणि घोड्यानं मला घेऊन त्यांच्याभोवती गोल फिरायचं. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवशिक्यांना असंच लाँजवर ठेवतात हे मला ठाऊक होतं, पण मी स्वतःला नवशिकी समजत नव्हते ना!

त्यानंतर मिळाली १९ वर्षांची एक घोडी, ग्राँ प्री, म्हणजे ड्रेसाजची सर्वांत वरची पातळी, खेळून निवृत्त झालेली. सरळ रेषेत जाताना माझी डावी टाच नकळत मागे सरकली की ती तो इशारा समजून इमानेइतबारे उजवा कँटर (उजवा पाय पुढे टाकणारी दौड) उचलायची. मी चिडायचे. बाई म्हणायच्या, तू मागितलंस, तिनं दिलं. मांड म्हणजे काय ते मला त्या घोडीनं शिकवलं.

ठरले होते आठवड्याला ५ धडे. स्पर्धांचा हंगाम लागला, बाई दर शुक्रवारी घोडे घेऊन बाहेर, आणि शेवटच्या दोन महिन्यांत माझ्या वहीत नोंद फक्त ११ धड्यांची. सगळं तोंडी ठरलेलं, भांडणार कशावर? दादा तो ११चा आकडा धरून बसलाय. लाँजचे ७ आठवडे तो मोजतच नाही, त्याच्या लेखी ते 'गोल गोल फिरणं'. त्यानं स्वतः कधी घोड्यावर पाय टाकलेला नाही.

तर, पागांना थेट लिहा. सोबत १० मिनिटांचा न कापलेला व्हिडिओ द्या, तिन्ही चाली (साधी, दुडकी, कँटर), डावीकडे आणि उजवीकडे अशा दोन्ही दिशांनी, चुकांसकट. आठवडाभर राहून बघायची परवानगी मागा. आधी राहून गेलेल्या मुलामुलींशी मालकांच्या माघारी बोला. धडे किती, कोणत्या घोड्यावर, सुट्टी कधी, बाई स्पर्धेला गेल्या तर शिकवणार कोण, पडलात तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे लेखी घ्या. 'घोड्याचं बघू' असं उत्तर आलं तर जाऊ नका.

जर्मन शिकायची तयारी असेल तर तिथला 'फेर्डेव्हिर्ट'चा, म्हणजे घोडे सांभाळण्या-शिकवण्याच्या व्यवसायाचा, ३ वर्षांचा अभ्यासक्रम बघा. करार, विद्यावेतन, परीक्षा, सगळं रीतसर. माझ्यात तेव्हा तेवढा धीर नव्हता.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं. पर्यटक व्हिसावर जाऊ नका. शेंगेनचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि धड्यांच्या बदल्यात केलेलं कामही कामच धरलं जातं. पागावाले म्हणतील, 'कोण बघतंय?' पकडले गेलात तर परत तुम्हाला पाठवतील, त्यांना नाही.