नुसता ग्राफिक्स कार्डाचा नंबर बघू नकोस

गेमिंग लॅपटॉपसाठी दोन लाखांच्या वर जातोयस, तर आधी ग्राफिक्स कार्डाचे वॅट विचार. आरटीएक्स ४०७० हे कार्ड लॅपटॉपमध्ये ३५ वॅटचंही असतं आणि ११५ वॅटचंही. स्टिकर तोच, खेळ वेगळा. दुकानदार हा आकडा सांगत नाही, बहुतेकदा त्यालाच माहीत नसतो. कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर तळाशी ‘टीजीपी’ शोध, म्हणजे कार्डाला किती वॅट वीज मिळते तो आकडा.

दुसरं, व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी. आरटीएक्स ५०७० कार्डाच्या लॅपटॉपला ८ जीबीच मिळते, त्याच्या वरच्या ५०७० टीआयला १२. तुझा स्क्रीन २५६० बाय १६०० पिक्सेलचा असेल तर थोडं ताणून टीआयच घे. ही मेमरी नंतर वाढवता येत नाही.

मक्स स्विच आहे ना, तेही बघ. तो नसला की ग्राफिक्स कार्डाने काढलेलं चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समधून फिरून स्क्रीनवर येतं आणि फ्रेम्स गळतात. माझ्या पहिल्या लॅपटॉपला तो नव्हता. बाहेरचा मॉनिटर लावला, तर तोच गेम एकदम सुसाट! सहा महिने मी उगाच कार्डाच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो.

आणि हो, गेम चार्जर लावूनच खेळायचा. बॅटरीवर कार्ड निम्म्याने तरी मान टाकतं.