आधी जवळ जा

प्रिय पोरी,

बाण डावीकडे जातात म्हणून साठ पौंडांचं, म्हणजे ओढायला तेवढं जोर लागणारं धनुष्य घेऊ की सरळ कंपाउंडकडे, त्या चाकं लावलेल्या धनुष्याकडे वळू, असं विचारलंस. दोन्ही नको. तू उजव्या हाताने ओढतेस, तेव्हा आधी बाणांचे दांडे तपास. सुटलेला बाण वाकून धनुष्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. दांडा फार ताठ असला की पुरेसा वाकत नाही, डावीकडे निघतो. लवचीक दांडे घे, नाहीतर टोक जड कर. झालं.

खरा प्रश्न तू शेवटी दडवलास: पन्नास यार्डांवरून हरिण मारता येईल का? नाही. जवळ जा.

1969 मध्ये हॉलिस अ‍ॅलनच्या कंपाउंडला पेटंट मिळालं आणि अंतर विकत मिळू लागलं. साधं धनुष्य पुन्हा हाती घेणाऱ्यांनी तरी ती हाव सोबत आणू नये. अमेरिकेत धनुष्याने शिकार करण्याची विद्या पुन्हा रुजली ती 'याही' नावाच्या आदिवासी जमातीतल्या इशीमुळे. तो 1911 मध्ये कॅलिफोर्नियात लोकांसमोर आला, 1916 मध्ये क्षयाने गेला. त्याचं धनुष्य जेमतेम 45 पौंडांच्या आसपासचं. लांबच्या लक्ष्यावर त्याचा नेम साधारणच. पण रानात तो दबा धरून बसायचा, आवाज काढून जनावराला जवळ बोलवायचा. त्याचा शिष्य डॉक्टर सॅक्स्टन पोप पुढे जड धनुष्यांकडे वळला. शिष्य गुरूचं सगळंच घेत नाहीत, हे तुलाही सांगायला नको!

बाण धक्क्याने मारत नाही. धारदार पातं फुप्फुसातून गेलं तर रक्तस्रावाने मारतो. पन्नास यार्ड जायला त्याला जवळजवळ एक सेकंद लागतो. दोरीचा आवाज कितीतरी आधी पोचतो आणि हरिण हललेलं असतं. मग पातं पोटात, आणि जनावर दिवसभर कुठेतरी मरत पडलेलं. म्हणून म्हणतो, जवळ जा.

मी वीस यार्डांपलीकडे सोडत नाही. एकदा भल्या मोठ्या शिंगांचा नर तीसवर आडवा उभा होता. सोबतचे कुजबुजले, सोड. नाही सोडला. अजून सलतं, खोटं कशाला बोलू? कदाचित लागलाही असता. त्या 'कदाचित'साठीच हात थांबला. मी स्वतःची समजूत घालतोय असं वाटलं तर वाटू दे.

शिकारीचा हंगाम उघडेपर्यंत दहा यार्डांवर सराव कर, आणि त्याहून जास्त वेळ वारा ओळखण्यात, पाऊल न वाजवता चालण्यात घाल. नवे दांडे कसे जातात ते कळव. नव्या धनुष्यांचे फोटो पाठवू नकोस, मी उघडणार नाही.