लिनॅकची मात्रा मोजायची उपकरणं मुंबईत कुठून घ्यावीत?

तुमच्या ट्रस्टच्या रुग्णालयात कॅन्सरच्या उपचारासाठी लिनॅक, म्हणजे किरणोपचाराचं मशीन, येतोय आणि मोजणीच्या उपकरणांची खरेदी तुमच्या गळ्यात पडली आहे. प्रिन्सेस स्ट्रीटवर विचारून झालं, कुणाला धड सांगता येईना. आता परदेशी वेबसाइटवर किरणांची मात्रा मोजायचा एक सेकंडहँड आयन चेंबर निम्म्या किमतीत दिसतोय, तो घ्यावा का, आणि तोच संच पुण्याच्या शाखेतही चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी मुंबईत मेडिकल फिजिसिस्ट आहे. तो चेंबर घेऊ नका.

चेंबर फक्त किरणांमुळे आतल्या हवेत तयार झालेला विद्युतभार मोजतो, तोही नॅनोकूलॉममध्ये. त्यावरून रुग्णाला किती ग्रे (हे मात्रेचं एकक) मात्रा मिळाली हे काढायला त्या चेंबरचा कॅलिब्रेशन फॅक्टर, म्हणजे प्रमाणित मापाशी ताडून काढलेला गुणक, लागतो आणि तो सीरियल नंबरगणिक वेगळा असतो. वेबसाइटवरचा विक्रेता तो चेंबर कधी आपटला होता का, हे सांगणार नाही. आणि त्याच्या आकड्यावर शेकडो माणसांचे उपचार ठरणार आहेत.

दुकानात ही उपकरणं मिळत नाहीत. जर्मनीतल्या पीटीडब्ल्यू आणि आयबीए डोसिमेट्री, अमेरिकेतल्या स्टँडर्ड इमेजिंग आणि सन न्यूक्लिअर अशा मोजक्या कंपन्या ती बनवतात. त्यांच्या भारतातल्या अधिकृत वितरकांकडून कोटेशन मागवा. त्याआधी यादी तुमच्या फिजिसिस्टकडून लिहून घ्या, कारण ती मशीनवर अवलंबून असते. फोटॉन (क्ष-किरण) बीमसाठी ०.६ घन सेंटीमीटरचा फार्मर चेंबर, म्हणजे नेहमीच्या वापरातला नळीसारखा आयन चेंबर, लागतो, तो वॉटरप्रूफच मागा, कारण मोजणी पाण्यात होते. कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉन बीमसाठी पॅरलल प्लेट, म्हणजे चपटा, चेंबर. मग चेंबरमधला भार वाचून दाखवणारा इलेक्ट्रोमीटर, बीम स्कॅन करणारा वॉटर फँटम (पाण्याची टाकी), आणि भिंतीबाहेरची गळती तपासायला सर्व्हे मीटर. ब्रॅकीथेरपी (शरीराच्या आत किरणोत्सर्गी सोर्स नेऊन उपचार) करणार असाल तर तो सोर्स आत ठेवून मोजायचा वेल चेंबरही हवा: इरिडियम-१९२ चं अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस असल्याने सोर्स वरचेवर बदलतो आणि दर वेळी त्याची तीव्रता मोजावी लागते.

चेंबर आणि इलेक्ट्रोमीटर वेगवेगळ्या कंपन्यांचे घेतले तर कनेक्टर जुळतात का, हे लेखी विचारा. बीएनटी, टीएनसी, एम असे प्रकार आहेत. माझ्या ओळखीच्या एका रुग्णालयात टेंडरमध्ये सर्वांत कमी दर म्हणून दोन्ही वेगळीकडून घेतले आणि अ‍ॅडॉप्टर येईपर्यंत दोन्ही कपाटात पडून राहिले.

कॅलिब्रेशनच्या बाबतीत मात्र मुंबईकर नशीबवान. भाभा अणुसंशोधन केंद्राची सेकंडरी स्टँडर्ड लॅब, म्हणजे चेंबर कॅलिब्रेट करून देणारी प्रयोगशाळा, ट्रॉम्बेलाच आहे. चेंबर कुरियरने पाठवून धक्के खाऊ देण्याऐवजी हातात घेऊन जाता येतं. चेंबर आणि इलेक्ट्रोमीटर जोडीनेच कॅलिब्रेट करून घ्या. मोजणीची पद्धत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या टीआरएस-३९८ या पुस्तिकेतली. तिची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये आली आहे, फिजिसिस्टकडे ती असू द्या.

आता पुणे. फार्मर चेंबर हवेला उघडा असतो, त्यामुळे आतली हवा जितकी विरळ तितका भार कमी, आणि गणितात तापमान व दाब धरून त्याची दुरुस्ती करावी लागते. तापमानात एका अंशाचा फरक म्हणजे सुमारे ०.३ टक्के, म्हणून फँटममधलं पाणी आदल्या रात्रीच खोलीत भरून ठेवतात. दाबाचं प्रकरण याहून मोठं आहे. फोनवरच्या हवामान अ‍ॅपमधला दाब समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. मुंबईत त्याने फारसं बिघडत नाही. पुणे मात्र सुमारे ५६० मीटर उंचीवर, तिथला खरा दाब त्यापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी. अ‍ॅपचा आकडा गणितात घातला तर मात्रा तितकीच कमी भासेल, मशीन वाढवून बसवली जाईल, आणि प्रत्येक रुग्णाला सहा टक्के जास्त किरणं जातील. रुग्णापर्यंत पोचणारी मात्रा पाच टक्क्यांच्या आत अचूक हवी, हे किरणोत्सर्गाच्या मोजमापाचे निकष ठरवणाऱ्या आयसीआरयू या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ मध्येच सांगितलंय; म्हणजे सगळी मुभा या एका चुकीत संपली. तेव्हा कॅलिब्रेट केलेला बॅरोमीटर आणि थर्मामीटर दोन्ही ठिकाणी स्वतंत्र घ्या. लाखोंच्या खरेदीत ही रक्कम किरकोळ आहे आणि नेमकी हीच ओळ यादीतून गळते.

पावसाळ्यात केबल आणि कनेक्टर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, ओलाव्याने गळतीचा प्रवाह वाढतो. नायलॉनच्या भिंतीचा चेंबर इथे टाळलेला बरा, दमट हवेत त्याचं माप बदलतं.

कोटेशनमध्ये स्ट्रॉन्शियम-९० चा चेक सोर्स (चेंबर नीट चालतोय का ते तपासायचा किरणोत्सर्गी सोर्स) दिसला तर ऑर्डरआधी अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची, परवानगी लागते. अर्ज मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर करायचा.

पैसे पुरत असतील तर फार्मर चेंबर दोन घ्या. एक ट्रॉम्बेला गेला की दुसऱ्यावर रोजची तपासणी चालू राहते, आणि परत आल्यावर दोघांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात.