लाओसहून भाच्याने आणलेलं ‘बॉम्बचं कडं’ चिरलंय. चांदीचं असेल का? सोलापुरात सोनार जोडून देईल का?

नाही, ते चांदीचं नाही, ॲल्युमिनियमचं असणार. आणि चांदीचा डाख (सांधा जोडायला वितळवतात तो धातू) त्यावर चालत नाही. मी सोनारकामातलाच आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. चांदीचा डाख पाझरायला साधारण तेवढीच किंवा जास्त आच लागते, म्हणजे सांधा बसायच्या आधी कडंच वाहून जायचं. खात्री करायची तर हातात तोलून बघा: त्याच मापाचं चांदीचं कडं जवळपास चौपट जड भरेल. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. शियांगखुआंग प्रांतातल्या बान नापिया गावात त्या बॉम्बचं ॲल्युमिनियमचं भंगार वितळवून साच्यात ओततात. आधी चमचे करायचे, कडी नंतर आली. सराफ बाजारात फिरण्यापेक्षा ॲल्युमिनियम वेल्डिंग करणारा गाठा, तोही कामात मुरलेला हवा, कारण पातळ कड्याला भोक पडायला क्षण पुरतो. मात्र कडं पिवळसर असेल तर वरचं सगळं सोडा. कंबोडियात काडतुसांच्या पितळेचे दागिने करतात, आणि पितळेला डाख छान बसतो. आणि हो, ॲल्युमिनियम धुण्याच्या सोड्यात घालू नका, काळं पडतं.