हेझल मॅकॅलियन ३६ वर्षं कॅनडातल्या मिसिसागा शहराच्या महापौर कशा राहिल्या?

आधी पद समजून घ्या. आपल्याकडे महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो, अडीच वर्षांत बदलतो आणि कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांकडे असतात. मिसिसागा ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टॅरियोत महापौराला लोक थेट मत देतात, पक्षाचं चिन्ह नसतं आणि कितीही वेळा उभं राहता येतं. अशा ठिकाणी माणसाचं नाव चालतं.

हेझलबाईंचं नाव झालं ते १० नोव्हेंबर १९७९च्या रात्री. महापौर होऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. रसायनं नेणारी मालगाडी शहरात रुळांवरून घसरली, प्रोपेनच्या टाक्या फुटल्या आणि क्लोरीनची टाकी गळू लागली. दोन लाखांहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली, पण एकही जीव गेला नाही. घोटा मुरगळलेला असताना बाई लंगडत पत्रकारांपुढे येऊन माहिती देत होत्या. लोक ते विसरले नाहीत.

तरी एवढ्यावर कोणी बारा निवडणुका जिंकत नाही. माझ्या मते खरं कारण घरपट्टी. टोरांटोला लागून मोकळी शेतजमीन भरपूर होती. तिथे घरं बांधायची तर बिल्डरने रस्ते, पाणी, ग्रंथालयं यांच्यासाठी शुल्क भरायचं, हा त्यांचा आग्रह. त्या पैशावर शहर वाढलं, कर्ज काढावं लागलं नाही आणि घरपट्टी वर्षानुवर्षं आटोक्यात राहिली. मतदाराला आणखी काय हवं? पण जमीन संपत आली तसा तो ओघ आटला आणि शेवटच्या वर्षांत घरपट्टी वाढवावीच लागली. मी याच शहरात राहते. दूध आणायलाही गाडी काढावी लागते, ती त्याच पसरट वाढीमुळे. हा दोष मी त्यांच्या पदरात घालते.

डागही आहेत. स्वतःच्या जमिनीशी संबंधित चर्चेत भाग घेतला म्हणून १९८२ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी धरलं. पुढे मुलाचे हितसंबंध असलेल्या हॉटेल प्रकल्पासाठी त्यांनी शब्द टाकला, त्यावर २०११च्या चौकशी अहवालाने कडक ताशेरे ओढले. त्याआधीच, चौकशी चालू असताना, २०१० मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा भरघोस मतांनी निवडून दिलं होतं. मला ते पटलं नाही.

२०१४ मध्ये, ९३व्या वर्षी, त्या आपणहून थांबल्या. महापौरपदासाठी नगरसेविका बॉनी क्रॉम्बी यांना त्यांनी जाहीर पाठिंबा दिला आणि त्याच निवडून आल्या.