मुलगा बारीकच आहे, पण दिवसभर बसून असतो. पुढे शुगर होईल का? शनिवार-रविवारचं क्रिकेट कोचिंग पुरेसं आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा ९ वर्षांचा, अंगाने काटकुळा, घरात आजी आणि वडील दोघांनाही शुगर. शाळा, व्हॅन, क्लास आणि मग मोबाईल, असा सगळा दिवस बसून जातो. शनिवार-रविवार शिवाजी पार्कला कोचिंग लावलंय.

कोचिंग बंद करू नका. पण तेवढ्यावर निश्चिंतही राहू नका. जागतिक आरोग्य संघटना या वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. आणि ती झाली तरी बाकीचे तास एकाच जागी बसण्याचा प्रश्न उरतोच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१५ साली आला. ७ ते ११ वर्षांची २८ मुलं, सगळी निरोगी, वजनही ठीक. एका दिवशी त्यांना ग्लुकोजचं पाणी पाजून तीन तास नुसतं बसवलं. दुसऱ्या दिवशी तसंच केलं, फक्त दर अर्ध्या तासाने तीन मिनिटं ट्रेडमिलवर जरा झपाझप चालवलं. चालण्याच्या दिवशी रक्तातली साखर ७ टक्क्यांनी कमी राहिली, आणि इन्शुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणारं संप्रेरक, तब्बल ३२ टक्क्यांनी. म्हणजे तेवढीच साखर पचवायला शरीराला बरंच कमी इन्शुलिन लागलं. चालल्यामुळे भूक खवळून मुलांनी नंतर जास्त खाल्लं, असंही झालं नाही.

हे होतं कसं? पाय हलले की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्शुलिनची फारशी वाट बघावी लागत नाही. बसून राहिलं की हे काम थंडावतं आणि सगळा भार इन्शुलिनवर येतो. वर्षानुवर्षं असं चाललं की शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं, आणि टाइप २ मधुमेहाची, म्हणजे मोठ्या माणसांना सहसा होते त्या शुगरची, वाट तिथूनच जाते. अर्थात, हा काही तासांचा प्रयोग आहे. त्या मुलांना पुढे मधुमेह झाला की नाही, हे तो सांगत नाही. पण तीन मिनिटं चालण्यात गमवायचं काय आहे?

आता ‘बारीक आहे’ याबद्दल. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी लपलेली असू शकते. घरात दोन माणसांना शुगर असताना तर मुलाच्या नुसत्या अंगकाठीवर भरवसा ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

मी परळला चाळीत शिकवणी घेते. अर्धा तास झाला की वह्या मिटायच्या आणि पाढे म्हणत गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. सतराचा पाढा सुरू झाला की पावलं मंदावतात, मग पुढची मुलगी मागच्यांना ओढते. उड्या मारू देत नाही, खालच्या मजल्यावर दुपारी माणसं झोपलेली असतात. परत बसल्यावर गणितं पटापट सुटतात, हा माझा अनुभव. पालक सुरुवातीला विचारायचे, ‘बाई, फी अभ्यासाची देतो ना?’ आता तेच शेजारच्यांना सांगतात.

तुमच्याकडे गॅलरी नसेल तर जिना आहे. दोन मजले उतरून पुन्हा चढायचं, लिफ्ट नको. पावसाळ्यातही जिना कोरडाच असतो. नुसतं उठून पाणी पिऊन परत बसणं यात धरू नका, पाय चालले पाहिजेत. आणि सगळा दिवस एकदम सुधारायला जाऊ नका. शाळेतून आल्यावर वरण-भात जेवून मुलगा मोबाईल घेऊन जो लोळतो, तो वेळ आधी पकडा. खाल्ल्यानंतर साखर चढत असते, तेव्हाच हे चालणं जास्त उपयोगी पडतं. आजींनाही सोबत घ्या, पण गुडघे दुखत असतील तर त्यांना जिना नको, घरातच फेऱ्या पुरेत. क्लासच्या सरांशी तुम्ही स्वतः बोला. मुलगा एकटा उठला तर त्याला ओरडा बसेल.

एक गोष्ट आज अंघोळीच्या वेळी नक्की बघा. मानेच्या मागे किंवा काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी कातडी दिसते का? पुष्कळ आया तो मळ समजून दगडाने घासत बसतात. तो मळ नसतो, इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. तसं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात कोणाकोणाला शुगर आहे हे आधी सांगा. आणि मूल सारखं पाणी मागतंय, रात्री लघवीला उठतंय, वजन उतरतंय असं असेल तर चालण्या-बसण्याचा विचार बाजूला ठेवा. तो टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्शुलिनच बनेनासं होतं तो, असू शकतो, बसण्याशी त्याचा संबंध नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन रक्तातली साखर तपासून घ्या.