साताऱ्यात पेठेत राहायचंय? आधी आधारवरचा पत्ता बघा

तुमची पोस्ट दुपारी वाचली, तेव्हापासून लिहायचं मनात होतं. एक्याऐंशी वर्षांचे वडील आणि आई यांना घेऊन तीन रात्री साताऱ्यात राहायचंय, राजवाड्याच्या आसपास छोटी, शांत जागा हवी, हायवेवरची नको, आणि पेठेतलं घर विकून टाकल्यामुळे उतरायला आता कुणी नाही. कासचं फुलांचं पठार, ठोसेघरचा धबधबा, कंदी पेढे हे सगळं बाकीच्यांनी सांगितलंच आहे. पण तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की वडिलांच्या आधारवर अजून साताऱ्याचाच पत्ता आहे. त्या ओळीवर कुणीच बोललेलं नाही, आणि माझं सगळं तिथेच फसलं होतं.

मी साताऱ्याची माहेरवाशीण. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे पुण्याला आली, घर विकलं. एका सप्टेंबरात ती म्हणाली, एकदा राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत चालून येऊ. मी हौसेने अॅपवर खोली बघितली. राजपथ या मुख्य रस्त्याच्या आत, गल्लीत, फोटो छान, दोन रात्रींचे चार हजार आगाऊ भरले. रद्द केल्यास पैसे परत नाहीत, हे वाचूनही भरले, कारण रद्द करायचा प्रश्नच नव्हता. लॉजवर फोन मात्र केला नाही. माझी चूक ती हीच.

पोहोचायला रात्रीचे पावणेदहा झाले. काउंटरवरच्या मुलाने रजिस्टर उघडलं, माझं आधार घेतलं, लिहिलं. मग आईचं घेतलं, उलटं करून पत्त्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "लोकल आयडी चालत नाही, मॅडम." मला आधी कळलंच नाही. मी सांगितलं, आता त्या पुण्यात असतात, घर विकलंय, या बघा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. तो म्हणाला, मालकांनी सांगितलंय, साताऱ्याचा पत्ता असेल तर खोली द्यायची नाही. मालक फोन उचलेनात. अॅपवाल्यांना फोन लावला तर तिकडून, "हा लॉजचा अधिकार आहे, अटींमध्ये लिहिलेलं आहे." लिहिलेलं होतं, खरंच. खूप खाली, पाळीव प्राणी आणि हुक्का यांच्या मध्ये. लॉज म्हणे अॅपशी बोला, अॅप म्हणे लॉजशी बोला. चाळीस मिनिटं मी काउंटरशी भांडत होते आणि आई पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसून होती. त्या भांडणात वेळ घालवला याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

कासचा सीझन, त्यात शनिवार. आसपास दुसरी खोली मिळाली नाही. शेवटी हायवेला गेलो, रात्रभर ट्रकचे हॉर्न. रिक्षात आई एवढंच बोलली, "मी साताऱ्याची, म्हणून साताऱ्यात नको?"

चार हजार परत मिळाले नाहीत. पण मला ते वाक्य अजून सहन होत नाही, म्हणून हे इतकं लांबवून लिहितेय.

मी वकील नाही, पुढचं माझ्या अनुभवाचं म्हणून वाचा. पोलीस लॉजवाल्यांकडून नोंदवही आणि ओळखपत्राची प्रत मागतात. "लोकल नको" ही लॉजवाल्यांनी स्वतः घालून घेतलेली अट असते. गावातलाच माणूस खोली घेतो म्हणजे जुगार, दारू किंवा काही भानगड, आणि धाड पडली तर त्रास आपल्याला, अशी त्यांची धास्ती. ती मला समजते. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई मुलीबरोबर आली तर काय ते डोळ्यांनी दिसतं ना? तिथे माणसाने माणसाकडे बघायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून अॅपवर जागा शोधा हवी तर, पण पैसे भरण्याआधी लॉजवरच फोन करा. गोल गोल विचारू नका. सरळ सांगा, "आम्ही तिघं, वडिलांच्या आधारवर साताऱ्याचा पत्ता आहे, खोली मिळेल ना?" हो म्हणाले तर व्हॉट्सअॅपवर तेवढं लिहून मागा आणि पोहोचल्यावर तो मेसेज दाखवा. ड्युटी बदललेली असते, रात्रीच्या मुलाला काहीच माहीत नसतं. वडिलांकडे बाहेरच्या पत्त्याचा पासपोर्ट किंवा लायसन्स असेल तर तेच पुढे करा, आधारच द्यायला हवं असं नाही. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे ते बहुतेक घेत नाहीत. आणि आधारची झेरॉक्स देणारच असाल तर मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. पत्ता मात्र त्यातही दिसतो, त्यामुळे या अडचणीवर त्याचा उपयोग नाही.

पत्ता बदलून घ्या, असं कुणीतरी सुचवेलच. आम्ही आधीच प्रयत्न केला होता. एका केंद्रावर तीन खेपा झाल्या, दर वेळी तेच, लाइट बिल आईच्या नावावर आणा. मुलीच्या घरात राहणाऱ्या बाईच्या नावावर लाइट बिल कुठून येणार? कुटुंबप्रमुखाच्या संमतीने ऑनलाइन पत्ता बदलता येतो, ही सोय २०२३ पासून आहे. तिथे बसलेल्या एकानेही ते सांगितलं नाही, मला नंतर भाचीकडून कळलं.

आता जागेबद्दल थोडं. फोनवर "लॉज" म्हणा, "हॉटेल" म्हटलं तर पुष्कळदा मिसळीच्या हॉटेलात फोन गेलेला असतो. राजपथाकडे तोंड असलेली खोली घेऊ नका, गल्लीकडची किंवा मागची मागा. गांधी मैदानाला लागून नको, तिथे सभा असली की स्पीकर आणि गर्दी. कमोड आहे का, गरम पाणी किती ते किती, तळमजल्यावर खोली आहे का, हे विचारा. जुन्या इमारतीत लिफ्ट नसते आणि जिने उभे असतात. जुनं गाव अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावर आहे, त्यामुळे नकाशात पाच मिनिटं दिसणारी वाट वडिलांच्या गुडघ्यांना बरीच लांब पडेल. रेल्वेने येणार असाल तर स्टेशन माहुलीच्या बाजूला, गावापासून लांब आहे. रात्रीची गाडी असेल तर रिक्षा आधी ठरवा, नाहीतर सरळ एसटीने या.

सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मी तरी टाळेन. कासला फुलं असतात, पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेल्यापासून शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव चढतात. त्यातच हिल मॅरेथॉन आली तर विचारूच नका. गणपतीत राजपथावर मिरवणुका. डिसेंबर-जानेवारी चांगला, फक्त शाल घ्या.

वडिलांना जुना राजवाडा बाहेरून का होईना दाखवा. पूर्वी तिथे शाळा भरायची, ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव याच शाळेच्या रजिस्टरात लागलं. वडील तिथे शिकले असतील तर थांबून राहतील, घाई करू नका. अजिंक्यताऱ्यावर दरवाजाजवळपर्यंत गाडी जाते.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही परत गेलो. राजवाड्याच्या मागे गल्लीत सहा खोल्यांची जागा, मालक खालीच राहतात. फोनवर मी पत्त्याचं सांगितल्यावर त्यांनी आईचं माहेरचं आडनाव विचारलं आणि म्हणाले, "अहो, या की, आमच्याच पेठेतल्या." सकाळी साडेसहाला जाग आली तेव्हा आई गॅलरीत खुर्चीवर बसली होती. खाली कुणीतरी अंगणात सडा टाकत होतं, त्या पाण्याचा तेवढा आवाज. किल्ल्यावरचा टॉवर धुक्यात अर्धा दिसत होता. ती मला बोटाने दाखवत होती, तो मंगळाईच्या देवळाकडचा भाग, तिकडून आम्ही शाळेतून चढायचो.

त्याच दिवशी मी तिला म्हटलं, पुण्याला गेल्यावर ऑनलाइन पत्ता बदलून टाकते, परत हा त्रास नको. तिने आधार माझ्या हातातून घेतलं, पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली. म्हणाली, "घर विकलंस, ठीक आहे. हा पत्ता राहू दे." तेव्हापासून मी तो विषय काढलेला नाही, दर वेळी आधी फोन करते. तुम्हीही वडिलांना न विचारता पत्ता बदलू नका.